उत्तर चुकल्यावर पडद्यावर काय दिसतं? प्रोग्रामिंग शिकवणारं इंटरॅक्टिव्ह ट्युटोरियल बांधताना

एका बाजूला चार ओळींचा मजकूर, दुसऱ्या बाजूला कोड लिहायची चौकट आणि खाली ‘चालवा’ असं बटण. बटण दाबलं की निकाल दिसतो. उत्तर बरोबर असेल तर हिरवी खूण येते आणि पुढचा धडा उघडतो. प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारी बहुतेक इंटरॅक्टिव्ह ट्युटोरियल्स वरून अशीच दिसतात. त्यामुळे असं काही बनवायला घेणारा माणूस सगळ्यात आधी कोड चालवण्याच्या मागे लागतो: लोकांनी लिहिलेला प्रोग्राम वेबपानावर चालवायचा कसा? प्रश्न रास्त आहे, पण त्याची चांगली उत्तरं आज तयार मिळतात. खरी मेहनत पुढे आहे. शिकणाऱ्यानं बटण दाबलं, उत्तर चुकलं, तर पुढच्या क्षणी त्याला काय दिसणार? शिकवणं घडतं ते तिथे. बरोबर उत्तर देणाऱ्याला ते आधीच येत होतं किंवा आत्ताच आलं. चुकलेल्यालाच शिक्षकाची गरज असते, आणि त्या घडीला त्याच्यासमोर फक्त तुमचं पान असतं.

ही जाण नवी नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी प्लेटो नावाची संगणकावरून शिकवणारी यंत्रणा सुरू केली. पुढे तिच्यासाठी धडे लिहिता यावेत म्हणून ट्यूटर नावाची एक वेगळी भाषाच तयार झाली. त्या भाषेत धडा लिहिणाऱ्याला बरोबर उत्तर नोंदवायची आज्ञा होती, तशीच अपेक्षित चुकीची उत्तरं नोंदवायचीही होती. एखादी ठरावीक चूक झाली की तिच्यासाठी लिहून ठेवलेलं ठरावीक उत्तर विद्यार्थ्याला दिसायचं. ब्राउझर जन्माला यायच्या कितीतरी आधी त्या लोकांनी चुकीच्या उत्तराला भाषेत स्वतंत्र जागा दिली होती. आजच्या अनेक ट्युटोरियल्समध्ये ही जागा ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढ्या तीन शब्दांवर भागवली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोड चालतो कुठे

तरी पाया आधी घालावा लागतो. शिकणाऱ्याचा कोड चालवायला दोन जागा आहेत: तुमचा सर्व्हर किंवा त्याचा स्वतःचा ब्राउझर.

सर्व्हरवर चालवायचं म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवायचा. तो प्रोग्राम फाइली पुसू शकतो, सगळी मेमरी खाऊ शकतो, स्वतःच्या हजारो प्रती सुरू करू शकतो किंवा तुमच्या यंत्रावरून तिसऱ्याच कुणावर हल्ला करू शकतो. शिकणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही, पण चुकूनही यातलं बरंच काही घडतं. म्हणून तो कोड बंदिस्त जागेत चालवतात, तिलाच सँडबॉक्स म्हणतात. लिनक्समध्ये नेमस्पेस वापरून प्रोग्रामला बाहेरचं जग दिसेनासं करतात आणि सीग्रुप वापरून मेमरी, प्रोसेसर आणि प्रक्रियांची संख्या यांवर मर्यादा घालतात. शिवाय नेटवर्क बंद ठेवायचं आणि वेळेची मर्यादाही घालायची. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवायच्या तयार पेट्या, वापरले तरी यातलं काही टळत नाही. नुसता कंटेनर म्हणजे सुरक्षा, असं समजून कुणी परका कोड चालवू नये.

या पद्धतीचं एक सुंदर उदाहरण म्हणजे गो भाषेचं अधिकृत ट्युटोरियल, ‘अ टूर ऑफ गो’. त्यातला कोड गो प्लेग्राउंड नावाच्या सेवेवर चालतो. तिथे कुठलाही प्रोग्राम सुरू झाला की घड्याळात कायम १० नोव्हेंबर २००९, रात्रीचे ११ एवढीच वेळ असते. गो भाषा जगासमोर आली तो हा दिवस. पण यात फक्त आठवण जपलेली नाही. घड्याळ पक्कं केलं की तोच प्रोग्राम पुन्हा चालवल्यावर तेच उत्तर येतं, आणि उत्तर तेच येणार असेल तर ते साठवून ठेवता येतं. धड्यातला नमुना कोड हजारो लोक जसाच्या तसा चालवतात, तो दर वेळी नव्यानं चालवायची गरज उरत नाही. प्रोग्राम ‘दहा सेकंद थांब’ म्हणाला तरी सर्व्हर खरंच दहा सेकंद थांबत नाही, फक्त आतलं खोटं घड्याळ पुढे सरकतं. शिकवण्याची गरज आणि यंत्रणेचा खर्च यांचा असा मेळ क्वचित बसतो.

दुसरी जागा म्हणजे शिकणाऱ्याचा ब्राउझर. जावास्क्रिप्ट तिथे आपोआप चालते. बाकीच्या भाषांसाठी दार उघडलं ते वेबअसेम्ब्लीनं. २०१७ मध्ये ती चारही प्रमुख ब्राउझरमध्ये आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या भाषेत लिहिलेला मोठा प्रोग्राम आटोपशीर यांत्रिक रूपात आणायचा आणि तो ब्राउझरनं वेगानं चालवायचा, एवढंच तिचं काम. पायथनचा मूळ इंटरप्रिटर, म्हणजे कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, सी भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे तो अख्खा या रूपात आणता आला. २०१८ मध्ये मोझिलात मायकेल ड्रोएटबूम यांनी सुरू केलेला पायोडाइड हा प्रकल्प नेमकं हेच करतो. पानासोबत पायथनच उतरवून घेतलं जातं आणि शिकणाऱ्याचा कोड त्याच्याच यंत्रावर चालतो.

याचा फायदा उघड आहे. हजार लोक एका वेळी शिकत असले तरी हजार जणांचा कोड हजार यंत्रांवर चालतो, तुम्हाला फक्त फाइली पुरवाव्या लागतात. किंमत मोजावी लागते ती सुरुवातीला: पहिल्यांदा काही मेगाबाइट उतरवून घ्यावे लागतात. यावर उपाय साधा आहे. पान उघडल्या उघडल्या मजकूर दाखवायचा आणि वाचन चालू असताना मागे पायथन उतरवत राहायचं. माणूस पहिला परिच्छेद वाचून बटणापर्यंत पोचेस्तोवर बहुतेक काम झालेलं असतं. पुढच्या खेपेला ब्राउझर साठवलेली प्रत वापरतो.

नवशिक्यांसाठी पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकवायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ब्राउझरमध्येच चालवा. मोठा कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लागणारी भाषा असेल, किंवा धड्यात खरं नेटवर्क हवं असेल, तर सर्व्हरला पर्याय नाही. जावास्क्रिप्ट शिकवताना एक काळजी मात्र घ्या. शिकणाऱ्याचा कोड आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या छोट्या पानात, सँडबॉक्स हा गुणधर्म लावून चालवतात. त्यात स्क्रिप्ट चालवायची परवानगी आणि मूळ पानाशी एकच ओरिजिन (एकाच संकेतस्थळाचं मूळ) असल्याची परवानगी, या दोन्ही एकत्र देऊ नका. दोन्ही मिळाल्या की आतला कोड बाहेर हात घालून स्वतःवरचं बंधनच काढून टाकू शकतो.

न थांबणारा लूप

लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना, शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी न थांबणारा लूप लिहितो. ‘जोपर्यंत आकडा दहापेक्षा कमी आहे तोपर्यंत छाप’ असं लिहिलं आणि आकडा वाढवायची ओळ राहिली, झालं. ब्राउझरमध्ये पानाचं दिसणं, बटणं आणि कोड हे सगळं मूळच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत, चालतं, त्यामुळे लूप अडकला की पानच गोठतं. शिकणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. नवशिक्याच्या मनात ही भीती एकदा बसली की तो प्रयोग करायचं सोडतो.

प्रोग्राम थांबणार की नाही हे आधीच का ओळखू नये? कारण कुठलाही प्रोग्राम घेऊन तो थांबेल की नाही हे नेमकं सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध करून ठेवलंय. म्हणून आपण घड्याळ लावतो. कोड वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या धाग्यावर चालवायचा. पाच सेकंदांत काम संपलं नाही तर तो वर्कर बाहेरून बंद करायचा. पान जिवंतच राहतं. पण वर्कर बंद केला की त्यातलं पायथनही गेलं, ते पुन्हा उभं करायला वेळ लागतो. त्यामुळे एक जादा वर्कर मागे तयार ठेवणं बरं. पायोडाइडमध्ये वर्कर न मारता मधूनच थांबवायची सोयही आहे, पण तिला शेअर्ड मेमरी, म्हणजे पान आणि वर्कर दोघांना वापरता येणारी मेमरी, लागते. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यापासून ब्राउझर ही मेमरी सहजासहजी देत नाहीत, सर्व्हरकडून दोन खास हेडर (पानासोबत जाणाऱ्या सूचना) पाठवावे लागतात.

आणि नुसती वेळ बांधून भागत नाही. अडकलेल्या लूपमध्ये छापायची ओळ असेल तर पाच सेकंदांत लाखो ओळी बाहेर पडतात, आणि त्या दाखवता दाखवता पान गुदमरतं. म्हणून छापलेल्या मजकुरालाही मर्यादा हवी: पहिल्या काही शे ओळी दाखवायच्या, पुढचं तोडायचं आणि तोडलंय हे सांगायचं. थांबवल्यावरचा संदेशही विचार करून लिहा. ‘वेळ संपली’ हे यंत्राचं बोलणं झालं. ‘पाच सेकंद झाले तरी लूप चालूच आहे. त्याची अट कधी खोटी ठरणार? अटीतला आकडा लूपच्या आत कुठे बदलतोय का ते बघा’, हे शिक्षकाचं बोलणं.

आणखी दोन गोष्टी इथेच मार्गी लावा. दर वेळी कोड कोऱ्या अवस्थेत चालला पाहिजे. मागच्या वेळी तयार झालेलं व्हेरिएबल यंत्रात तसंच पडून राहिलं, तर शिकणाऱ्यानं ती ओळ पुसली तरी प्रोग्राम चालतो आणि का चालतो हे त्याला कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट ओळींच्या क्रमांकाची. तपासणीसाठी तुम्ही त्याच्या कोडच्या वर स्वतःच्या अकरा ओळी चिकटवल्या, तर त्याच्या तिसऱ्या ओळीतली चूक ‘ओळ १४’ म्हणून दिसेल. त्याच्या चौकटीत मुळात सहाच ओळी आहेत. तो चौदावी ओळ शोधत बसतो. आपला कोड वेगळ्या फाइलच्या नावाखाली चालवावा आणि त्रुटीच्या अहवालातून आपल्या ओळी गाळाव्यात.

तपासणी: सगळं इथे ठरतं

आता एक सराव जवळून बघू. प्रश्न असा: आकड्यांची यादी घेऊन त्यातल्या फक्त सम संख्यांची बेरीज परत देणारं फंक्शन लिहा. अपेक्षित उत्तर सरळ आहे. बेरीज शून्यानं सुरू करायची, फॉर लूपनं एकेक आकडा घ्यायचा, दोननं भागून बाकी शून्य आली तर तो बेरजेत मिळवायचा, लूप संपल्यावर बेरीज रिटर्न करायची, म्हणजे परत द्यायची.

तपासायला आपण ३, ८, ५, १२ अशी यादी घेतली. बरोबर उत्तर २०. एका मुलीचं उत्तर आलं ८. तिनं काय केलं असेल?

पायथनमध्ये ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर अर्थ ठरतो. रिटर्नची ओळ फॉरच्या रांगेत हवी होती. ती आठ जागा आत सरकली तर इफच्या पोटात जाते, आणि पहिली सम संख्या सापडताच फंक्शन संपतं. उत्तर ८. पण दुसरीही शक्यता आहे. तिनं सम-विषमची अटच उलटी लिहिली असेल तर ३ आणि ५ यांची बेरीज होते. तीही ८! दोन अगदी वेगळ्या गैरसमजांमधून एकच आकडा बाहेर पडला. पहिलीला रिटर्न म्हणजे काय हे समजावायला हवं, दुसरीनं फक्त एक चिन्ह बदलायला हवं. यादी वाईट निवडल्यामुळे आपल्याला या दोघींत फरकच करता येत नाही.

तपासणीचे आकडे असे निवडावेत की वेगवेगळ्या चुकांची उत्तरं वेगवेगळी येतील. आता ३, ८, १२, ५, ७ ही यादी घ्या. बरोबर उत्तर अजूनही २०. अट उलटी असेल तर १५. पहिल्या सम संख्येवर रिटर्न झालं तर ८. बेरजेत मिळवण्याऐवजी नुसतं तिच्या जागी ठेवलं तर शेवटची सम संख्या उरते, १२. अट विसरून सगळेच आकडे मिळवले तर ३५. बेरजेऐवजी सम संख्या किती आहेत तेच मोजलं तर २. आकड्याचं समत्व बघायच्या जागी त्याच्या जागेचा क्रमांक सम आहे का हे बघितलं, तर शून्यापासून मोजताना ३, १२ आणि ७ उचलले जातात, उत्तर २२. नुसत्या आकड्यावरून गैरसमज ओळखता येतो.

तरी एक जोडी सुटते. रिटर्न फॉरच्या आत, चारच जागा सरकलं असेल, तर पहिल्याच फेरीत शून्य परत येतं. बेरीज शून्य करायची ओळ लूपच्या आत गेली असेल तर प्रत्येक फेरीत बेरीज पुसली जाते, आणि शेवटचा आकडा विषम असल्यामुळे पुन्हा शून्यच. एका यादीनं या दोन चुका वेगळ्या करताच येत नाहीत. म्हणून दुसरी यादी: ४, ९, १०. आता पहिली चूक ४ देते, दुसरी १०, आणि बरोबर उत्तर १४. या दुसऱ्या यादीमुळे आणखी एक काम होतं. कुणी फंक्शनमध्ये सरळ ‘२० परत दे’ असं लिहून ठेवलं असेल, तर तेही उघडं पडतं.

आता संदेश लिहिता येतो. पहिल्या यादीला ८ आणि दुसरीला ४ आलं, तर: ‘पहिली सम संख्या सापडली की तुमचं फंक्शन तिथेच संपतंय, पुढचे आकडे बघितलेच जात नाहीत. रिटर्नची ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे ते बघा.’ यात उत्तर सांगितलेलं नाही. काय घडतंय ते सांगितलंय आणि नजर कुठे न्यायची ते सांगितलंय. चांगल्या सूचनेत मला एवढंच हवं असतं. त्यानंतरही अडलं तर दुसरी सूचना अधिक स्पष्ट असावी, आणि शेवटी पूर्ण उत्तर बघायची सोयही असावी. उत्तर लपवून ठेवल्यानं कुणी जास्त शिकत नाही. तो पान बंद करून निघून जातो.

‘फंक्शन काहीच परत देत नाही’ हा प्रकार वेगळा हाताळावा लागतो. प्रिंट आणि रिटर्न यांतला गोंधळ नवशिक्यांमध्ये फार खोल असतो, आणि तो बऱ्याचदा आपल्याच पानामुळे वाढतो. छापलेलं आणि परत दिलेलं, दोन्ही एकाच काळ्या चौकटीत दिसत असेल तर फरक कळणार कसा? दोन वेगळ्या जागा ठेवा. एकीवर लिहा ‘प्रोग्रामनं छापलं’, दुसरीवर ‘फंक्शननं परत दिलं’. ज्यानं २० छापलं पण परत काहीच दिलं नाही, त्याला पहिल्या चौकटीत २० आणि दुसरीत ‘नन’ हे रिकामेपण शेजारीशेजारी दिसतं. समजावणारे दोन परिच्छेद लिहायची गरज उरत नाही.

बरोबर कोड चूक ठरवणं हा तपासणीचा सगळ्यात मोठा अपराध. शिकणाऱ्यानं लूप न लिहिता बेरजेचं तयार sum फंक्शन वापरलं, व्हाइल वापरलं, नावं निराळी दिली, तरी उत्तर बरोबर असेल तर ते बरोबरच धरलं पाहिजे. धडाच फॉर लूपचा असेल आणि फॉर वापरणं सक्तीचं असेल, तर ते प्रश्नात आधी लिहा. मग कोडच्या रचनेचा वृक्ष (भाषा कोडची जी फोड करते ती) तपासून फॉर आहे का ते बघता येतं. कोडच्या मजकुरात ‘फॉर’ हा शब्द शोधू नका, तो एखाद्या टिपेतही सापडतो. छापलेला मजकूर ताडून बघताना शेवटचा मोकळा अवकाश किंवा रिकामी ओळ माफ करा. दशांश अपूर्णांक तर कधीच काटेकोर ताडून बघू नका: ०.१ आणि ०.२ मिळवल्यावर पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतं, कारण हे आकडे संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मावत नाहीत. ‘अगदी जवळ आहे का’ एवढंच विचारायचं.

ही सगळी तपासणी ब्राउझरमध्ये असेल तर कुणी आत डोकावून उत्तरं बघेल, अशी शंका नेहमी येते. बघू द्या. तो शिकायला आलाय आणि फसवलं तर स्वतःलाच फसवेल. प्रमाणपत्र किंवा गुण द्यायचे असतील तरच तपासणी सर्व्हरवर न्यावी.

भाषेचे स्वतःचे त्रुटीसंदेश

काही कोड तपासणीपर्यंत पोचतच नाही, आधीच मोडतो. तेव्हा भाषेचा स्वतःचा संदेश दिसतो. तो लपवू नका. पुढे आयुष्यभर त्याला तेच संदेश वाचायचे आहेत. संदेश जसाच्या तसा दाखवा आणि खाली साध्या भाषेत एक ओळ जोडा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथन ३.१० पासून हे काम बरंच हलकं झालंय. आधी कंस बंद करायचा राहिला तर बऱ्याचदा पुढच्याच ओळीवर बोट ठेवलं जायचं, आता कुठला कंस उघडा राहिलाय ते सांगितलं जातं.

फोनवरून शिकणाऱ्यांच्या चुका मात्र पायथनच्या ध्यानीमनी नसतात. फोनचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि प्रिंटचं पहिलं अक्षर मोठं झालं की पायथन ते नाव ओळखत नाही. काही कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं टाकतात. पायथन म्हणतं ‘अमान्य चिन्ह’, आणि शिकणाऱ्याला तर दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात. कोडच्या चौकटीवर स्वयंचलित मोठी अक्षरं, शब्दसुधारणा आणि शुद्धलेखन तपासणी बंद करा. ज्या कीबोर्डवर ते जुमानलं जात नाही, त्यांच्यासाठी वळणदार चिन्ह सापडताच खास सूचना द्या. चौकटीसाठी एडिटर निवडतानाही फोन ध्यानात ठेवा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममधून आलेला मोनॅको एडिटर मोबाइल ब्राउझरसाठी नाही. कोडमिरर हा दुसरा एडिटर तिथे नीट चालतो आणि हलकाही आहे.

कीबोर्डवरच सगळं काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण. एडिटरमध्ये टॅब दाबल्यावर जागा सुटत असेल, तर टॅबनं पानावर फिरणारा माणूस त्या चौकटीत अडकून पडतो. म्हणूनच कोडमिरर टॅबला आपणहून हे काम देत नाही. तुम्ही दिलंत तर बाहेर पडायची कळ पानावर लिहून ठेवा. निकालही केवळ हिरव्या-लाल रंगावर सोडू नका, शब्दांत लिहा, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही वाचता येतो.

धडे कुठल्या क्रमानं

‘चार ओळी वाच आणि आता कोरी चौकट भर’ हा क्रम बहुतेकांना जड जातो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेलं संशोधन इथे उपयोगी पडतं. नुसतीच गणितं सोडवत बसण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासून नवशिके तशाच प्रकारची गणितं लवकर आणि कमी चुका करत सोडवू लागले. नवं काही शिकताना डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात, आणि कोरी चौकट त्या सगळ्या एकदम मागते.

कोऱ्या चौकटीच्या आधी दोन पायऱ्या टाकता येतात. पहिली, अंदाजाची: तयार कोड दाखवायचा आणि चालवण्याआधी विचारायचं, ‘हे काय छापेल?’ उत्तर लिहिल्याशिवाय ‘चालवा’ बटण उघडायचं नाही. चुकीचा अंदाज हीसुद्धा मोलाची माहिती आहे, आणि स्वतःचा अंदाज खोटा ठरला की माणूस ‘का’ हे विचारतो. दुसरी पायरी पार्सन्स कोड्यांची. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या या प्रकारात बरोबर उत्तराच्या ओळी विस्कटून दिलेल्या असतात, त्या ओढून क्रमानं लावायच्या. टंकलेखनाच्या चुका आपोआप गळतात आणि रचनेचा विचार तेवढा उरतो. आपल्या सम संख्यांच्या बेरजेत रिटर्नची ओळ किती आत ठेवायची, हे शिकवायला यापेक्षा नेमकं साधन मला माहीत नाही.

आत काय चाललंय ते दिसलं तर आणखी बरं. फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं पायथन ट्यूटर प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे हे चित्रात दाखवतं. तेवढं सगळं बांधायची गरज नसते. लूपच्या प्रत्येक फेरीला आकडा आणि बेरीज दाखवणारा छोटा तक्ता दिला तरी लूपच्या आत पुसली जाणारी बेरीज स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

प्रगती साठवायला सुरुवातीला ब्राउझरचं लोकल स्टोरेज (शिकणाऱ्याच्याच यंत्रावरची साठवण) पुरतं. पहिल्याच पानावर खातं उघडायला लावू नका. प्रत्येक सरावाला न बदलणारी ओळख द्या, म्हणजे धड्यांचा क्रम बदलला तरी साठवलेलं काम हरवत नाही.

चुका गोळा करणं

चुकांची यादी बसल्या जागी डोक्यातून पूर्ण होत नाही. शिकणाऱ्यांना स्पष्ट विचारून, त्यांची ओळख न ठेवता, न ओळखता आलेली चुकीची उत्तरं साठवावीत आणि नियमित वाचावीत. त्याच्याही आधी दोन-चार नवख्यांच्या शेजारी बसून त्यांना सोडवताना गप्प राहून बघावं. कर्सर कुठे थबकतो, संदेश वाचला जातो की न वाचता पुन्हा बटण दाबलं जातं, हे नोंदींत दिसत नाही.

भाषिक मॉडेलकडून सूचना लिहून घेता येतात आणि कधी त्या छान असतात. पण ते मॉडेल चटकन पूर्ण उत्तर देऊन मोकळं होतं, आणि कधी नसलेली चूकही दाखवतं. उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचं काम तपासणीचंच राहू द्या, आणि ज्या चुका आपल्याला ओळखता येतात त्यांना माणसानं लिहिलेला संदेशच दिसू द्या. उरलेल्या अनोळखी चुकांपुरतं मॉडेलला विचारा, आणि त्याला आपल्या दोन्ही याद्यांची उत्तरं सोबत द्या.

साठवलेल्या उत्तरांमध्ये एखादी नवी चूक दुसऱ्यांदा दिसली की तिच्यासाठी संदेश लिहायचा. गरज पडली तर तिला वेगळं पाडणारी तिसरी यादी तयार करायची. मग तो नवा संदेश प्रकाशित करण्याआधी जुन्या सगळ्या उत्तरांवर चालवून बघायचा: दुसऱ्याच चुकीला तो लागू होत नाही ना, आणि एखाद्या बरोबर उत्तराला तर मुळीच नाही ना.